टाकीवाले काका

पद्मिनीवाले काका वासावरून ओळखायचे. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात चष्मा, खालच्या खिशात पाना आणि अंगाला पेट्रोलचा मंद दरवळ. हे काका ठाण्यात नौपाड्याला असले तर गाडीवर कव्हर घालून ठेवतात, कल्याणात असले तर रविवारी चालवतात, डोंबिवलीत असले तर ढकलतात. डोंबिवलीचे रस्ते पाहता तेच शहाणपणाचं आहे.

आमच्या सोसायटीतले काका डोंबिवलीचे. यंदा पावसाळ्यात त्यांच्या गाडीखाली ओला डाग दिसला. टाकी पत्र्याची, गाडी महिनोन्‌महिने उभी, आत पेट्रोल तळाशी; रिकाम्या जागेत हवा दमट होते, पाणी धरतं आणि पत्रा आतून गंजतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, आणि ते पाणी ओढून घेतं. काकांनी एवढ्यावर निकाल दिला, "माझी टाकी कोल्हापूरच्या उसाने खाल्ली!"

आधी भोकावर साबण घासून झाला (काकू बाथरूममधून "वडी कुठाय?" म्हणून ओरडत होत्या), मग एम-सील, मग रेडिएटरवाल्याकडून झाळ. झाळलेल्या जागेच्या शेजारी नवं भोक पडलं तेव्हा काकांचा चेहरा उजळला. आता जुनी टाकी शोधायला रीतसर कारण मिळालं होतं.

या शोधातली गंमत अशी की पद्मिनी बनवणारी प्रीमियर आमच्याच दारात होती. शीळ रस्त्यावर कंपनीचा कारखाना होता, तिथे नव्वदीच्या दशकात प्यूजो 309 बनायची. ती गाडी युरोपात 1993 साली बंद झाली आणि मग आपल्याकडे नवीकोरी म्हणून आली. कारखान्याच्या जागेवर आता टॉवर आहेत. प्रीमियर उरली ती सभांच्या मैदानाच्या नावापुरती. पद्मिनीचं माहेर कुर्ला, आणि तिथल्या कारखान्याच्या जागी कोहिनूर सिटी उभी आहे. मात्र त्याच कुर्ल्यात सीएसटी रोडवर कापलेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, म्हणून काकांनी मला हाताशी धरून लोकल पकडली.

टाकी नुसती मिळून काकांना चालत नाही, ती जुळावी लागते. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर त्यांनी फ्लोटच्या भोकाचा साचा काढून आणला होता, स्क्रूच्या जागांसकट. पहिल्या दुकानात मिळालेली टाकी पद्मिनीच्या डिझेल मॉडेलची, 137-डीची निघाली. डिझेलमध्ये न जळलेलं इंधन परत टाकीत सोडणारी एक जास्तीची नळी असते. दुकानदार म्हणाला, "बंद कर देंगे." काका म्हणाले, "मग नाक पण बंद करता येतं."

पुढच्या दुकानात टॅक्सीची टाकी होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर 2023 अखेर, रस्त्यावरून उतरली. त्यामुळे हा माल ताजा म्हणायचा. रंग झकास, एक पोचा नाही. काकांनी टाकी कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ.

"सीएनजी पे थी ना?"

दुकानदार गप्प. टॅक्सी गॅसवर गेली की पेट्रोलची टाकी वर्षानुवर्षं रिकामी पडून गंजते, हे काकांना पाठ.

तिसऱ्या ठिकाणी साचा बसला. काकांनी आत टॉर्च सोडला, बोट फिरवलं, बोट हुंगलं, तळाला टिचक्या मारल्या. मालक कंटाळून म्हणाला, "अंकल, टंकी लेने आये हो के एक्सरे निकालने?" काकांनी खूश होऊन भाव न करता पैसे दिले. उभ्या आयुष्यात त्यांनी कोथिंबिरीलाही असा मान दिलेला नाही.

परतीला लगेजचा डबा. एका पाटीवालीने विचारलं, "गच्चीवर बसवायची का?" तिच्या शेजारचा नाक मुरडून म्हणाला, "पेट्रोल नेताय?" "पेट्रोल नाही, नुसता वास आहे," काकांनी खुलासा केला, तरी घाटकोपर येईपर्यंत आमच्याभोवती बसायला जागा झाली. त्या गाडीत असं सुख फर्स्ट क्लासलाही नाही.

टाकी बसली, गळत नाही. फक्त पेट्रोलचा काटा आता सदैव फुल्ल दाखवतो, म्हणजे फ्लोट बदलायला हवा. काकांनी साचा जपून ठेवलाय.

जुनी टाकीही गॅलरीत आहे, झाळीसकट, कुणाला तरी लागेल म्हणून. काकू तीत तुळस लावायला टपल्या होत्या. पण परवा कल्याणहून खरंच एकाचा फोन आला. काका खुर्ची ओढून बसले.

"देईन हो, फुकट देईन. गाडी कुठल्या सालची? चालवता कोण, तुम्ही की मुलगा? नाही, फोटो नको. आधी मी गाडी बघायला येतो."