चोळांचं तंजावर पडद्यावर कसं आणावं: नवशिक्यांसाठी सूचना

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचा एक देखणा फोटो संगणकावर उघडा. दोनशे फुटांहून उंच विमान (म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर), कोवळं ऊन, वर पोपटांचा थवा. छान. आता पुसायला घ्या.

आधी किरकोळ माल: विजेच्या तारा, सीसीटीव्ही, पुरातत्त्व खात्याचा फलक, सेल्फी काढणारं नाशिकचं कुटुंब. याला क्लीन-अप म्हणतात. नव्या पोराच्या नशिबी बराच काळ हेच असतं. मग चोळांनंतरचा इतिहास पुसायचा. नंदीचा मंडप नायक राजांचा, सुब्रह्मण्याचं देऊळही त्यांचंच, उडवा. गणपतीचं देऊळ मराठ्यांचं, तेही. प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. इथे मराठी कलाकाराचा माऊस अडखळतो. चहा पिऊन या आणि उडवा.

राहता राहिलं विमान. ‘पोन्नियिन सेल्वन’ या चित्रपटाची गोष्ट हे देऊळ बांधणारा चोळ राजा राजराजा गादीवर येण्याआधीची. तो आला ९८५मध्ये, देऊळ पुरं झालं १०१०मध्ये. म्हणजे विमानही गेलं. गावातला राजवाडा नायक-मराठ्यांचा, त्यालाही रजा. आता पडद्यावर नुसतं आभाळ उरलं असेल, तर काम बरोबर चाललंय. मणिरत्नम यांनी २०२२मध्ये पहिला भाग आणला, त्याचं चित्रीकरण ओरछा, ग्वाल्हेर, महेश्वर असं हिंडत झालं यात नवल नाही. तंजावरातून मराठ्यांना हाकललं, तरी चोळांना अहिल्याबाईंचा घाट लागलाच.

लेअर म्हणजे काय ते कळत नसेल, तर मंदिरातल्या गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणा मार्गाची माहिती काढा. चोळांच्या भित्तिचित्रांवर नायकांनी आपली चित्रं रंगवली. खालची चित्रं १९३१मध्ये उजेडात आली. वरचा लेअर बंद करायला एवढा वेळ लागलेलं दुसरं काम आमच्या पाहण्यात नाही.

आता माणसं. नायिकेची साडी पोपटी असेल तर मागे हिरवा पडदा लावू नका, नाहीतर नुसतं मुंडकं दरबारात फिरेल. निळा लावा. गजऱ्यातून सुटलेल्या बटा एकेक फ्रेम घेऊन कापाव्या लागतात. या कापाकापीला रोटो म्हणतात आणि रोटोवाल्यांचे शिव्याशाप तिथेच ऐकू येतात. सैनिकाच्या दंडावर लसीचा वण दिसतोय का बघा. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टाही असेल. शंभर माणसांचं दहा हजारांचं सैन्य करताना एकच मिशीवाला सात ठिकाणी भाला उगारत नाही ना, हेही तपासा.

‘या देवळाची सावली पडत नाही’ असं कुणीतरी सांगेलच. सावली पडते. सॉफ्टवेअरमध्ये ती बंद करायची सोय आहे, पण वापरू नका. इमारत जमिनीवर टेकल्यासारखी वाटत नाही, तरंगते.

रेंडर लावून झोपा. सकाळी निर्मात्याचा फोन येईल, “सगळं झकास, पण तंजावर म्हणता आणि देऊळ कुठंय?” सनावळ्या सांगत बसू नका. परांची बांधलेलं अर्धवट विमान मागे उभं करा. त्या काळी पायाही खणला नव्हता, हे ओळखणारा इतिहासकार तिकीट काढूनच आलेला असतो.