भंडारदरा आणि कोरड्या चड्ड्या

लहान मुलांना घेऊन काढलेली पावसाळी सहल प्रेक्षणीय स्थळं संपली म्हणून संपत नाही. कोरड्या चड्ड्या संपल्या की संपते. टूरवाल्यांच्या पत्रकात हे छापत नाहीत. तिथं 'फेसाळते धबधबे' आणि 'धुक्याची ओली चादर' असते. त्यातली चादर तेवढी खरी. खोलीवर गेलात की ती पलंगावर अंथरलेली सापडते, आणि ओलीच असते.

जुलैतल्या एका शनिवारी ठाण्याहून भंडारदऱ्याला निघालो तेव्हा गाडीत मी, बायको, सात वर्षांची थोरली, चार वर्षांचा धाकटा, माझी आई आणि आईची पिशवी एवढी मंडळी होती. त्या पिशवीत काय आहे हे विचारायचं नाही, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. कसारा घाटात धाकट्याला गाडी लागली आणि कपड्यांचा पहिला जोड तिथंच गेला. अजून पावसाचा थेंबही कुणाच्या अंगावर पडला नव्हता. पावसाळ्यात भंडारदरा धरणाचा साठा पेपरात छापून येतो. भरलं की ११,०३९ दशलक्ष घनफूट. बायकोही साठ्याचा हिशेब ठेवत होती, पण तिचा उलटा चालला होता. धरण भरत होतं आणि बॅग रिकामी होत होती.

घोटीला हायवे सोडला आणि बारी गावाच्या आसपास माझ्यातला वाटाड्या जागा झाला.

"ते बघा कळसूबाई! महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर."

खिडकीबाहेर चुना फासल्यासारखं पांढरंफटक होतं.

"कुठंय?" थोरलीनं विचारलं.

"ढगात आहे."

"मग तुला कसं दिसलं?"

मी घाईघाईनं उंची सांगितली, १,६४६ मीटर. "ढगासकट?" असा पुढचा प्रश्न आला आणि पुढच्या सीटवरून आईनं राजगिऱ्याचे लाडू मागे पाठवले. आमच्याकडे भूगोलाचे तास बहुधा असेच सुटतात.

शेंडीला पोचून धरणावर गेलो. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरं झालेलं हे दगडी धरण. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. उंची ८२ मीटर. मुलांना यातलं काहीही नको होतं. आईला मात्र हिशेब हवा होता.

"एवढ्या पाण्याचं करतात काय?"

"खाली प्रवरेला सोडतात. अकोले, संगमनेर, श्रीरामपूरकडे शेतीला जातं."

"आणि त्याच जिल्ह्यात पाथर्डी-जामखेडला पावसाची वाट बघतात ना रे?"

"हो."

"मग यातला थोडा तिकडे पाडायला काय हरकत होती?" आई आभाळाकडे बघून म्हणाली. आभाळानं उत्तर म्हणून आणखी एक सर पाठवली.

पावसाळी सहलीला निघताना आईबाप दोन वस्तूंवर भरवसा टाकतात, रेनकोट आणि गमबूट. रेनकोट नेहमी एक माप मोठा घेतलेला असतो, कारण तो पुढच्या वर्षीही चालायला हवा. त्यामुळे मुलानं धबधबा दाखवायला हात वर केला की पाणी बाहीतून शिरतं, काखेतून जातं आणि थेट चड्डीपर्यंत पोचतं. गमबुटाची तऱ्हा आणखी निराळी. तो बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही हे घोट्यापुरतं खरं. वरून एकदा शिरलेलं पाणी मात्र तो प्राण गेला तरी बाहेर सोडत नाही.

रंधा धबधब्याला प्रवरा अख्खीच्या अख्खी खाली उडी घेते. कठड्याला टेकून माणसं सेल्फी घेत होती. मी धाकट्याचा हात घट्ट धरून "बघ, केवढं पाणी!" असं ओरडत होतो. तो बघत होता पायांकडे. रस्त्याकडेच्या ओहोळात बटाट्याच्या कापाएवढा एक खेकडा निघाला होता. एक नांगी लहान, एक मोठी. मोठी नांगी वर करून तो आधी आमच्याकडे तोंड करून उभा राहिला, मग आडवा चालत दगडाखाली गेला, पुन्हा अर्धा बाहेर आला. धाकटा उकिडवा बसला, थोरली त्याच्या शेजारी बसली, आणि दोघांचे गमबूट काठोकाठ भरले. "धबधबा मागे आहे," मी म्हणालो. "तो कुठं जातोय?" थोरली म्हणाली. खेकडा मात्र जाणार होता.

तिथून रतनवाडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची आवणी चालली होती. डोक्यावरून प्लास्टिकचे कागद पांघरलेल्या बायका गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होत्या. त्यांच्यातल्या एकीनं मान वर करून आमच्या गाडीकडे पाहिलं आणि हसली. सुट्टी घेऊन, पैसे खर्चून भिजायला येणारी माणसं पाहिल्यावर कोणालाही हसू यावं. अमृतेश्वराचं देऊळ तेवढं धुक्यातूनही दिसलं, त्याच्यावरच्या कोरीवकामासकट. गाभाऱ्यात पावसाचं पाणी साठून पिंड पाण्याखाली गेली होती. धाकटा बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "आजी, बाप्पा पण भिजला. त्याची आई ओरडत नाही?" आईनं हात जोडले. कोणाला, ते विचारलं नाही.

घाटघरला कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं म्हणतात. आम्हाला पांढरा रंग दिसला. वारा इतका होता की दरीत पडलेलं पाणी उलटं वर येऊन तोंडावर बसत होतं. वरून भिजणं सगळ्यांनाच माहीत असतं. तिथं आम्ही खालूनही भिजलो, आणि बॅगेतला शेवटचा कोरडा जोड कामी आला. घाटघरला २५० मेगावॉटचं उदंचन जलविद्युत केंद्र आहे. वरचं पाणी खाली सोडून वीज करतात आणि विजेची मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात. ही माहिती मी मुलांना देत देत मुक्कामाच्या घरी पोचलो, तर तिथं लाइट गेलेले.

लाइट नाही म्हणजे पंखा नाही, इस्त्री नाही. आईनं पिशवी उघडली. आतून नायलॉनची दोरी, चिमटे आणि जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी निघाली. बुटांत कागदाचे बोळे गेले, खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी गेली, आणि 'लेक व्ह्यू' खोलीतून लेकच्या जागी मोजे दिसू लागले. तासाभरानं हात लावून पाहिला तर कपडे आणखी जड झाले होते.

घरातल्या मावशी नागलीच्या भाकरी सांगायला आल्या, दोरीकडे पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, "आजी, इथं मिरगापासनं दिवाळीपत्तुर कापडं वाळत न्हाईत. वाळवाया लागत्यात." त्या सगळं गोळा करून स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. चुलीतले निखारे पाटीत काढले, त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं उपडं घातलं आणि डालग्यावर धाकट्याच्या चड्ड्या पसरल्या. चड्डीतून वाफ निघायला लागली तशी दोन्ही मुलं भोवती बसली. मावशींनी थोरलीला कपडा कधी उलटायचा ते दाखवलं. भाकरी उलटण्याच्या आधीच चड्डी उलटायला ती शिकली. आई चुलीपाशी पाट ओढून बसली आणि मावशींशी तिचं जे सुरू झालं ते जेवण वाढेपर्यंत थांबलं नाही. मोबाईलला रेंज नाही, ही तक्रार त्या रात्री कोणी केली नाही.

सकाळी सगळे कपडे कोरडे होते आणि धुरकट वासाचे होते. पाऊस तसाच चालू होता. सहल आणखी एक दिवस चालली.

तेव्हा मुलं लहान असतील आणि पावसात भंडारदऱ्याला जायचं ठरत असेल, तर खोली ठरवताना तळं दिसतं का, हे विचारू नका. जुलैत ते कोणालाच दिसत नाही. घरात चूल आहे का, एवढं विचारा, आणि 'आहे' म्हणाले की लगेच आगाऊ रक्कम पाठवून द्या.