वर्दी आली की...

मुंबईच्या अग्निशमन दलाचा इतिहास वाचायला घ्यावा, तर तो दलाचा कमी आणि आगींचाच जास्त निघतो. घर पेटल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण हसतो, पण शहरे शहाणी होतात ती बहुधा त्याच पद्धतीने.

१८०३ च्या फेब्रुवारीत कोटातला बाजार पेटला आणि कोटाच्या उत्तरेकडचा बराच भाग बेचिराख झाला. त्यानंतर लगेच बंबवाले नेमले असतील, असे ज्याला वाटते त्याला सरकार नावाची चीज ठाऊक नाही. अर्धे शतक गेले आणि १८५५ मध्ये हे काम पोलिसांच्या गळ्यात पडले, तेही जोडकाम म्हणून. चोर धरायचे, शिवाय आगही धरायची! स्वतंत्र, पूर्णवेळ दल उभे राहिले ते १ एप्रिल १८८७ रोजी, महापालिकेच्या पदरी. तारखेवर जाऊ नका, काम गंभीर होते. पुढच्याच वर्षीच्या पालिका कायद्याने ते पालिकेचे कर्तव्यच ठरले. तेव्हा बंब घोडे ओढत. पुढे मोटारी आल्या आणि घोड्यांना सुट्टी मिळाली. जवानांना ती अजून मिळालेली नाही.

१४ एप्रिल १९४४ ला मात्र हसू आवरते घ्यावे लागते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा, अशी सगळी सोबत एकत्र. हा शेजार कुणाच्या डोक्यातून निघाला, देव जाणे. कापूस धुमसू लागला, जवान पाणी मारत राहिले आणि दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. सोन्याच्या विटा उडून लोकांच्या घरांवर पडल्या, ही गोष्ट मुंबईकर अजून रंगवून सांगतो. दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले, हे सांगताना त्याचा आवाज जरा खाली येतो. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, तो त्यांच्याच स्मरणार्थ. २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले, त्यांत दलप्रमुखही होते. साहेब मागे आणि माणसे पुढे, अशी इथली रीत नाही.

एरवी या दलाकडे वर्दी कशाची येईल, याचा नेम नसतो. पावसाळ्यात झाड पडले, लिफ्ट अडकली, संक्रांतीला मांजात कावळा गुंतला, की बंबवाल्यांना बोलवा. कावळा सुटला की खाली टाळ्या पडतात. मग तीच टाळ्या वाजवणारी मंडळी घरी परततात ती जिन्यातल्या चपलांच्या कपाटाला, बंद पडलेल्या सायकलीला आणि कुणाच्या तरी कुलरला वळसा घालून.

२००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार इमारतीची आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. आमच्या ओळखीच्या सोसायट्यांत या दाखल्यापेक्षा गणपतीच्या वर्गणीवर जास्त वेळ चर्चा होते. लाल बादल्या असतात, पण त्यांतल्या वाळूत पानाच्या पिचकाऱ्या.

दलाकडे आता गगनचुंबी इमारतींसाठी उंच शिड्या आहेत. तुमच्या जिन्यातली सायकल हलवायला मात्र त्यांना वर्दी देऊ नका. ती आज संध्याकाळी तुम्हीच हलवा, आणि १०१ हा आकडा घरातल्या पोरांना पाठ करून ठेवायला सांगा.