पडदा तां काला ही सी जी

चंदीगडच्या आमच्या मराठी मंडळात भांडणं दोनच विषयांवरून होतात. मोदक उकडीचे की तळणीचे, हा पहिला. गणेशोत्सवातल्या नाटकाचं चित्रण, हा दुसरा. पहिल्यावर तोडगा नाही. दुसऱ्यावर आहे, पण तो निघाला तर समितीच्या बैठकीला कोण येणार?

यंदा नाटकाला पार्श्वभूमीला काळा पडदा होता. सभागृहातल्या सगळ्यांनी तो काळाच पाहिला. चित्रणात मात्र तो राखाडी आला. नायकाचा कोट विटला होता, नायिकेचे केस अवेळी पिकले होते आणि मध्यरात्रीच्या प्रवेशात चक्क झुंजूमुंजू झालं होतं.

खजिनदारांनी वड्याचं तेल वांग्यावर काढायचं ठरवून पडदा पुरवणाऱ्या सरदारजींना फोन लावला. "परदा तां काला ही दित्ता सी जी!" म्हणत सरदारजी पडदा घेऊनच बैठकीला हजर झाले. पडदा कुळकुळीत काळा होता. मग प्रकाशयोजना बघणाऱ्याची पाळी आली. त्याने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, कॅमेरावाल्याने टीव्हीकडे. अध्यक्षांनी घरी जाऊन टीव्हीचा ब्राइटनेस इतका उतरवला की पडदा काळा झाला, पण वहिनींच्या मालिकेतली सासू अंधारात दिसेनाशी झाली. तो घरातला प्रश्न. मंडळाने त्यात पडू नये, असं माझं मत मी तेव्हाच नोंदवलं होतं.

खरी गंमत पुढे होती. तीच फाइल सचिवांच्या लॅपटॉपवर झकास दिसत होती. म्हणजे पडदा, दिवे, कॅमेरा सगळे निर्दोष. गुन्हा झालाय आणि गुन्हेगार नाही, ही परिस्थिती कुठल्याही समितीला सहन होत नाही.

भानगड आकड्यांची होती. संगणकाच्या पडद्यावर साधारणपणे 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा. व्हिडिओच्या जगात मात्र उजेडाच्या मोजणीत काळा 16 वर सुरू होतो आणि पांढरा 235 वर संपतो. ही वहिवाट 1982 सालच्या आंतरराष्ट्रीय मानकापासूनची. तेव्हाचे अ‍ॅनालॉग सिग्नल उसळी मारून हद्दीबाहेर जात, म्हणून खाली-वर मोकळी जागा ठेवली. उसळ्या थांबल्या, मोकळी जागा राहिली.

चंदीगडकराने याचं नवल करू नये. ल कॉर्बुझिएच्या या शहरात सेक्टर 12 मध्ये पीजीआय, 14 मध्ये पंजाब विद्यापीठ, आणि मधला 13 गायब! वर्षानुवर्षं नवा पाहुणा तो शोधत फिरायचा. अखेर 2020 मध्ये मनीमाजऱ्याला तो आकडा मिळाला. ज्याला वहिवाट ठाऊक, तो 13 शोधत नाही. ज्याला नाही, तो रिक्षावाल्याशी भांडतो.

आमच्या फाइलीत नेमकं हेच झालं होतं. आतली मोजणी 16 ते 235 ची, पण फाइलीला जोडलेली चिठ्ठी सांगत होती, 'पूर्ण 0 ते 255'. अध्यक्षांच्या टीव्हीने चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि 16 ला प्रामाणिकपणे राखाडी दाखवलं. सचिवांच्या प्लेअरने चिठ्ठी वाचलीच नाही. आळशाला यश आलं. याच्या उलट चूकही होते. मोजणी पूर्ण आणि चिठ्ठी मर्यादित असली, की 16 च्या खालचं सगळं काळ्यात बुडतं आणि 235 च्या वरचं पांढऱ्यात. अशा वेळी नायिकेचे केस तरुण होतात, पण वेणी हरवते.

पुरावा वेव्हफॉर्ममध्ये मिळाला. एडिटिंग सॉफ्टवेअरमधला हा आलेख चित्रातला उजेड आकड्यांत मांडतो. अख्खा पडदा 16 च्या रेघेवर पाय टेकून उभा होता, त्याखाली शुकशुकाट. मीडियाइन्फोमध्ये फाइलीची चिठ्ठी वाचली, तर तिथे 'फुल'. उपाय फक्त चिठ्ठी बदलण्याचा, चित्राला हात न लावता. पण तोवर मंडळातल्या एका उत्साही तरुणाने कॉन्ट्रास्ट ताणून नवीन प्रत काढून सगळ्यांना पाठवलीही होती. त्या प्रतीत नायकाचं पांढरं धोतर पार जळालं होतं आणि त्याच्या चुण्या आता कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. मूळ फाइल जपा, असं मी प्रत्येक बैठकीत सांगतो. इतिवृत्तात ते कधीच येत नाही.

हा रोग आधीच का कळला नाही? कारण त्याच संगणकावर तयार केलेला आधीचा व्हिडिओ कॅपिटॉल कॉम्प्लेक्सच्या सहलीचा होता. उघडं काँक्रीट, त्यात जानेवारीचं धुकं. युनेस्कोने 2016 मध्ये जागतिक वारसा ठरवलेल्या वास्तूचा करडा रंग करडाच दिसला, तर शंका कोण घेणार?

दुरुस्त प्रत दाखवली. पडदा काळा, कोट काळा, मध्यरात्र पुन्हा मध्यरात्र. टाळ्या पडल्या. एवढ्यात आमचे प्रॉम्प्टर उठले. इतकी वर्षं ते विंगेत उभे राहून सगळ्यांच्या तोंडात वाक्यं घालत आले, पण कुणाला दिसले नव्हते. विटक्या प्रतीत मात्र डाव्या विंगेच्या अंधारात ते संहितेसकट स्पष्ट दिसत होते, आणि ती प्रत त्यांनी सांगलीला बहिणीला पाठवली होती. पडद्यावर 25 च्या उजेडात उभा असलेला माणूस दुरुस्तीनंतर 10 वर आला, म्हणजे जवळजवळ नाहीसाच झाला.

समितीने ठराव केला: दोन्ही प्रती जपाव्यात. एक नाटकाची, एक प्रॉम्प्टरची. दुसरीची मागणी जास्त आहे. पुढच्या वर्षी कोण कितीदा अडखळलं ते त्यातून मोजायचं खजिनदारांनी आत्ताच ठरवलंय.