सुरेल फ्यूज

मराठी घराची फ्यूजशी ओळख झाली ती चिनी मातीच्या पांढऱ्या किटकॅटमुळे. दिवे गेले की घरातला कर्ता पुरुष स्टुलावर चढायचा, बाकीचे खालून टॉर्च धरून सूचना द्यायचे. फ्यूज वायर नेमकी संपलेली असायचीच. मग जुन्या वायरीतली तांब्याची एक तार सोलून बसवली जायची. ती जाड निघाली तर फ्यूज पुन्हा उडत नसे, थेट वायरिंगच जळे. पण किटकॅट बदलल्यावर रेडिओवरचं गाणं गोड झालं, असं त्या काळात कोणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता म्हणतात. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे काचेची एक नळी असते, २० मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाड. आत केसासारखी तार. दुकानात ती पाच-दहा रुपयांना मिळते. हौशी श्रोत्यांसाठी मात्र याच मापाचे खास फ्यूज निघाले आहेत. कोणाच्या टोप्यांवर सोन्याचा मुलामा, कोणाची तार चांदीची, कोणी अतिथंड तापमानात गोठवून काढलेला. किंमत दहा हजारांच्याही पुढे जाते. काहींवर बाण छापलेला असतो. फ्यूज उलटा बसला तर म्हणे आवाज कोंदटतो.

बाणाचं मला विशेष कौतुक आहे. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणारी. एवढी ये-जा करणाऱ्या प्रवाहाला बाण दाखवणं म्हणजे लोकलच्या गर्दीला रांग लावायला सांगणं.

आमच्या एका स्नेह्यांनी असा फ्यूज आणला आणि मला ऐकायला बोलावलं. खिडक्या लावल्या. नातवंडांना खाली खेळायला पिटाळलं. वहिनींना मिक्सर थांबवायला सांगितलं आणि शेवटी छताचा पंखाही बंद केला. मग किशोरीताईंचा भूप लावला. आवाज खरोखर सुंदर येत होता. श्वास ऐकू येत होते, तंबोरे वेगळे उमटत होते. "बघा, काळोख कसा गडद झालाय सुरांमागचा!" ते म्हणाले. झाला होता, यात शंकाच नाही. फक्त पंख्याचं श्रेय फ्यूजच्या खात्यावर जमा झालं होतं. वहिनी घाम पुसत म्हणाल्या, "हे असं रोज गप्प बसून ऐकलं असतं तर जुन्या फ्यूजलाही सूर सापडला असता."

जुना आणि नवा फ्यूज ताडून पाहावेत, तर अडचण अशी की फ्यूज बदलायचा तर यंत्र बंद करा, प्लग काढा, स्क्रू ड्रायव्हर शोधा, पुन्हा सगळं जोडा. तेवढ्यात पाच मिनिटं जातात. दोन आवाजांतला बारीक फरक कानाला काही क्षणच नीट आठवतो. नंतर आठवते ती पावतीवरची रक्कम.

स्नेही हार मानणारे नव्हेत. त्यांनी तंबोरा काढला, म्हणजे वादात. "घोडीवर तारेखाली सुताचा एवढासा दोरा सरकवला की जवारी खुलते. दोऱ्यानं जर इतका फरक पडतो, तर तारेनं का नाही?" युक्तिवाद देखणा आहे, मी थोडा वेळ निरुत्तर झालो. पण दोरा असतो तो नाद जिथे जन्मतो तिथे, कंप पावणाऱ्या तारेला टेकून. फ्यूजमधून गाणं जातच नाही, वीज जाते. पुढे ट्रान्सफॉर्मरमध्ये तिला शेकडो वेढे घालावे लागतात, मग तिची एकदिश वीज होते, मग ती कपॅसिटरच्या टाक्यांमध्ये साठते. गाण्याची गाठ पडते ती त्या साठ्याशी. दोन अँपियरच्या साध्या फ्यूजमध्ये वाया जातो तो व्होल्टचा जेमतेम दहावा-विसावा भाग. संध्याकाळी सोसायटीतले सगळे एसी सुरू झाले की याच्या कितीतरी पट व्होल्टेज नुसतं खाली येतं, आणि त्याबद्दल कोणी भूप बिघडल्याची तक्रार करत नाही.

तरी स्नेह्यांची बाजू अगदीच रिकामी नाही. काही जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये फ्यूज स्पीकरच्या वाटेवरच बसवलेला असतो. तिथून मात्र गाणंच जातं. खर्जातला सूर मोठा लागला की ती बारीक तार प्रत्येक आवर्तनात तापते, निवते आणि तिचा रोध त्याबरोबर हलत राहतो. त्यातून येणारी विकृती मोजता येते. ॲम्प्लिफायरच्या रचनेवर लिहिणारे इंग्लंडचे डग्लस सेल्फ यांनी ती मोजून आपल्या ग्रंथात मांडली आहे. पण त्यावरचा उपाय सोन्याची टोपी नव्हे. पुढच्या बऱ्याच यंत्रांत त्या जागी रिले आला.

दुसरी खरी गोष्ट होल्डरची, आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. वर्षानुवर्षांच्या वापरानं होल्डरच्या पितळी पट्ट्या सैल पडतात, काळवंडतात. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत जरा जास्तच. मग फ्यूज गरम होतो, होल्डर करपतो, मधूनच आवाज जातो किंवा खरखर येते. अशा वेळी होल्डर बदलला तर आवाज नक्की सुधारतो, कारण तो आधी बिघडलेला होता. नवा होल्डर चांगल्या हॉटेलातल्या चहापेक्षा महाग नसतो.

म्हणून माझं मत विचाराल तर महागडा फ्यूज घेऊ नका. फ्यूजचं काम वेळ आली की वितळून जाणं, आणि दहा हजारांचा फ्यूज वितळला की माणूस पुन्हा तांब्याची तार शोधायला लागतो. प्लग काढून, थोडा वेळ थांबून होल्डर तपासा, काळवंडला असेल तर पुसा, सैल असेल तर बदलून घ्या. यंत्रावर जो आकडा आणि जे अक्षर छापलं आहे, तेच फ्यूजवर असू द्या. सारखा उडत असेल तर मोठा घालू नका, यंत्र दुरुस्तीला न्या. आणि तसलेच दोन जास्तीचे आणून खणात ठेवा, कारण फ्यूज उडतो तो रविवारी, दुकानं बंद असताना.