नाव तेच, वेग ऐच्छिक

जुन्या संगणकाला स्वस्तातले ग्राफिक्स कार्ड बसवून तरुण करू पाहणाऱ्यांची काळजी एनव्हिडियाइतकी कुणी घेतली नसेल. २०१७ साली कंपनीने जीटी १०३० आणले. वेगळी वीजजोडणी नको, ३० वॅटमध्ये भागते. मेमरी जीडीडीआर५, वेग सेकंदाला ४८ गीगाबाइट.

पुढच्याच वर्षी त्याच नावाच्या कार्डात डीडीआर४ मेमरी आली आणि वेग १६.८ वर उतरला. नाव बदलून ग्राहकाचा गोंधळ उडवणे कंपनीच्या सभ्यतेत बसले नाही.

हे तत्त्व गोव्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानेही विनाविलंब स्वीकारावे. शापोरा नदीवरचा शिवोली-चोपडे पूल उतरवून तिथे पूर्वीसारखी फेरीबोट सोडावी. पाटीवर मात्र ‘पूल’च ठेवावे. माणूस पलीकडे पोचतोच! रांग, भरती-ओहोटी आणि इंजिनाची मर्जी हा तपशील पाटीच्या मागे बारीक अक्षरांत छापता येईल.

कार्ड बसले, पडदा उजळला. मग १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला आणि मंडळी विंडोज ११ च्या दारात उभी राहिली.

तिथे कार्ड आनंदाने मान्य झाले. हरकत फक्त त्याच्या भोवतालच्या संगणकाला होती.