कूपनकाकू

कूपनकाकू डोंबिवलीत आढळतात, चिंचवडला आढळतात, आणि मुलगा अमेरिकेत असेल तर काही महिने न्यू जर्सीतही. पर्सचा एक कप्पा फक्त कागदांचा. नजर अशी की इतरांना जाहिरातीत 'सूट' दिसते, तेव्हा काकूंनी तळाची मुंगीएवढी 'अटी लागू' वाचून संपवलेली असते.

त्यांचं शिक्षण वर्तमानपत्रांतल्या योजनांवर झालं. रोज एक कूपन यायचं, ते कापून तक्त्यावर चिकटवायचं, तक्ता भरला की चादर नाहीतर डब्यांचा सेट. सासऱ्यांचा अग्रलेख वाचून व्हायच्या आत पानाला खिडकी पडलेली असे. एखादं कूपन हुकलं तर पाण्यावरून ज्यांच्याशी अबोला, त्यांचीही बेल वाजे. सोसायटीतली कित्येक भांडणं अशी डब्यांच्या सेटपायी मिटली.

आता कूपन फोनमध्ये आलं आणि नवशिके तिथेच फसले. '२० टक्के सूट' वाचून ते २,००० रुपयांचा किराणा भरतात, 'कमाल १०० रुपये' हे नंतर दिसतं. म्हणजे सूट पडली ५ टक्के. काकू ५०० रुपयांना थांबतात, पुरते २० टक्के वसूल करतात. किमान बिलाला ८० रुपये कमी पडले म्हणून त्या कधी सुगंधी मेणबत्ती घेत नाहीत. काकांनी एकदा घेतली. ती अजून वीज जायची वाट बघते आहे.

दुकानदार कूपन वाटतो ते काही पुण्य लागावं म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोका-कोलाने अमेरिकेत फुकट ग्लासाची कूपनं वाटली, ती लोकांना चटक लागावी म्हणूनच. काकूंना हा इतिहास ठाऊक नाही, पण चटक ओळखता येते. म्हणून यादी घरी होते, कूपनं नंतर निघतात. यादीत नसलेल्या वस्तूचं कूपन कितीही गोजिरं असो, ते सरळ शेजारच्या सुनेला.

त्यांची खरी करामत कपड्यांच्या पावडरीपाशी बघावी. अर्ध्या किलोचा पुडा ९० रुपयांना, किलोचा १९० ला आणि त्यावर १० रुपयांचं कूपन. लोक किलोचा उचलतात. काकू पुडा उलटा करून ग्रॅममागचा दर वाचतात. तो आता पाकिटावर छापावाच लागतो, पण वाचतंय कोण? कूपन वजा जाता दोन्ही एकाच भावात पडतात, हे हिशोब न करता कळत नाही. मग अर्ध्या किलोचा एकच पुडा ट्रॉलीत जातो.

'एकावर एक फ्री'चेही नियम आहेत. भांड्यांचा साबण चालेल, तो वर्षभर टिकतो. रवा पावसाळ्याच्या तोंडावर नाही, त्यात किडे होतात. बिस्किटं सादळतात. टूथपेस्टवरची तारीख बघून घ्यायची.

एवढं सगळं काउंटरवर चालतं, तेव्हा मागची रांग ताटकळते हे खरं. मुदत संपलेलं कूपनही त्या एकदा पुढे करून बघतातच. पण पुढच्या खेपेला काकू तुमच्यापुढे असतील तर सुस्कारे टाकू नका. तेवढ्या वेळात आपल्या ट्रॉलीतला पुडा उलटा करून दर वाचा, आणि नको असेल तर जिथून उचलला तिथे परत ठेवून या. तुमचा नंबर काही जात नाही.